पंपाला दोन टोपणं

"बाबा, थांबा, दोन नका देऊ!" मिनल ओट्यापासून ओरडली, तेव्हा खोकल्याच्या सिरपचं एक टोपण स्वरूपाच्या पोटात गेलं होतं आणि दुसरं चिमाजीच्या चिमटीत काठोकाठ भरलेलं होतं. चार वर्षांची नात तोंड उघडून बसली होती, जिभेवर लाल रंग. "दोनच देतो ना नेहमी," चिमाजी म्हणाला. "ती मागची बाटली छोटी होती हो. ही मोठी आणलीय. मोठ्या बाटलीला टोपणही मोठं असतं की नाही? राहू द्या आता, एकातच झालं तिचं." सुनेच्या आवाजात राग नव्हता. सासरा एकतीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये होता, अशा माणसाला माप शिकवायला मिळालं याची गंमतच होती थोडी. हसत हसत ती डबा भरायला वळली. चिमाजीनं टोपण खाली ठेवलं नाही. काठावर सिरपचा लाल फुगा आला होता. मोठ्या बाटलीला टोपणही मोठं. पहिलीतल्या पोराला कळेल एवढी गोष्ट. आणि ती ऐकल्याबरोबर त्याच्या कानात रानात फवारणी करणाऱ्या समाधानचा आवाज आला, गेल्या गुरुवारी सकाळी नऊचा, अगदी तसाच, मागं कोतवाल पक्षी ओरडत असलेला: "काका, औषध किती घालू?"

आणि त्यानं काय सांगितलं होतं? थेरगावच्या बिल्डिंगखाली कट्ट्यावर चार निवृत्त माणसं बसलेली, त्यांच्यासमोर फोन कानाला लावून, शेत असलेल्या माणसाला शोभेल अशा आवाजात: "अरे नेहमीचंच. पंपाला दोन टोपणं." फोन ठेवल्यावर त्यानं कट्ट्याला समजावलंही होतं, की शेती काय, आता फोनवर होते, माणूस हाताखाली बरा पाहिजे आणि सांगणं नेमकं पाहिजे. कट्ट्यानं माना डोलावल्या. कट्ट्यावर कुणाकडेच शेत उरलेलं नव्हतं, त्यामुळे खोडून काढणारंही कुणी नव्हतं. पाच मिनिटांनी समाधानचा फोन परत आला. चिमाजीनं नाव बघितलं आणि कट केला. त्याचा हिशेब ठरलेला होता: पहिला फोन कामाचा, दुसरा उचलीचा, म्हणजे आगाऊ पैसे मागायचा.

कारण माणसांची त्याला पारख होती. निदान तसं तो समजत असे, आणि एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला तसं वाटलं तर त्यात नवल नाही. चाकणच्या कंपनीत स्टोअरच्या जाळीच्या खिडकीतून त्याला माणसाचा चेहरा आणि हात एवढंच दिसायचं, पण तेवढं पुरायचं. हातमोजे मागताना जो डोळ्याला डोळा देतो त्याचे जुने खरंच फाटलेले असतात. जो हसतो तो घरी नेणार. प्रत्येक रॅकला जसं कार्ड टांगलेलं असतं – आलं, गेलं, शिल्लक – तसं माणसागणिक एकेक कार्ड त्याच्या डोक्यात लटकत होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ती कार्डं त्यानं कंपनीला परत केली नव्हती. मुलगा दिग्विजय: कष्टाळू, नोंद ठेवत नाही. सून मिनल: चोख, पण बोलून दाखवते. अंबूबाई, गावाकडची चुलत भावजय: तोंड मोठं, हात साफ. समाधान: मूळचा जिंतूरकडचा, कंत्राटावर कंपनीत होता, तिथं ब्रेक देऊन काढून टाकल्यापासून चाकणच्या आसपास सात-आठ जणांच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो, अंग राखत नाही, उलट उत्तर देत नाही, दुसरा फोन उचलीचा. सही कुणाची नसलेलं हे कार्ड चिमाजीनं इतकी वर्षं खरं धरलं होतं.

"बाबा, सांडतंय," मिनल म्हणाली. सिरप मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. त्यानं टोपण मोरीत उपडं केलं, हात धुतला, परत धुतला. मग अंबूबाईला फोन लावला. वाजत राहिला. ती रानात जाताना फोन घरी फळीवर ठेवते, चिखलात पडायला नको म्हणून. आज सोमवार. फ्लॉवरची दुसरी तोड आज. बायका आठला वाफ्यात उतरतात. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. "मी जरा रानात जाऊन येतो," तो म्हणाला. "आत्ता? चहा तरी घ्या. आणि येताना त्या विहिरीकडेच्या ओळीतला फ्लॉवर आणा हं, बाबा, हिच्या डब्याला. बाजारातला नको." विहिरीकडेची ओळ. त्यानं मान हलवली आणि स्कूटरची किल्ली शोधू लागला. किल्ली हातातच होती.

डांगे चौकात भाजीच्या गाड्या लागल्या होत्या. रोज दिसायच्या, आज डोळ्यात शिरल्या. पांढरेशुभ्र गड्डे, हिरव्या पानात बसवलेले, वर पाण्याचा शिडकावा. एक बाई गड्डा उलटासुलटा करून अळी शोधत होती आणि सापडत नाही म्हणून खुशीत पिशवीत टाकत होती. अळी नको, डाग नको, भोक नको: गिऱ्हाइकाची ही मागणी गावात पोचायला वेळ लागत नाही. म्हणून तर त्याच्या गावात घरटी दोन रानं असतात, एक खायचं आणि एक विकायचं. बांधावर, विहिरीकडे, जिथं पंप वळवायला अडचण होते तिथं एक ओळ सोडलेली असते. तिला अळी लागते, पानं जाळी होतात, आणि ती घरी शिजते. उरलेलं टेम्पोत जातं. यात कुणाला पाप वाटत नाही. चिमाजीलाही वाटलं नव्हतं. उलट थेरगावच्या घरात तो ती किडकी पानं अभिमानानं ओट्यावर ठेवायचा: बघा, अळी खाते म्हणजे माणसानं खाण्यासारखं आहे. आणि ज्याला अळी तोंड लावत नाही ते? ते डांगे चौकात. एकाच रानाची दोन कार्डं त्यानं इतकी वर्षं शेजारी शेजारी टांगली होती, आणि एकदाही दोन्ही एकदम वाचली नव्हती.

भोसरी ओलांडून नाशिक रस्त्याला लागल्यावर मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी कोंडी. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, बसच्या काचांना टेकून झोपलेली जनरल शिफ्टला उशीर झालेली डोकी. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच पाठीवर चढत होतं. गुरुवारी असंच ऊन होतं. समाधान सातव्या पंपाला पडला. बावीस गुंठ्यांना आठ पंप लागतात. एवढीच जमीन एमआयडीसीनं ठेवली, बाकीच्यावर आता कंपनीची भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या सावलीला तो गेला, बसला, ओकला, आणि तोंडातून फेस यायला लागला. हे सगळं चिमाजीनं नंतर ऐकलं. संध्याकाळी चाकणच्या दवाखान्यात तो पोचला तेव्हा समाधान खाटेवर होता, घामानं चादर ओली, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, मांडीचे स्नायू आपोआप उडत होते, जसं कातडीखाली कुणी बोटं वाजवतंय. बायको कस्तुरा पायाशी उभी होती. तिनं शहाणपणानं बाटली सोबत आणली होती. बुचाऐवजी तोंडाला कापडाचा बोळा. डॉक्टर तरुण होता, सरळ विचारत होता. "किती प्रमाण घातलं होतं?" "नेहमीचंच, साहेब," चिमाजी म्हणाला होता. मग न विचारता पुढचं: "ही माणसं तोंडाला फडकं बांधत नाहीत. उपाशीपोटी मारतात. त्याच हातानं तंबाखू मळतात. किती सांगितलं तरी." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. स्टोअरमध्ये त्यानं पाहिलं होतं, चोरी करणारा माणूस कधी खोटी चिठ्ठी आणत नाही. खरी चिठ्ठीच आणतो, फक्त दुसऱ्या मालाची.

आणि ती बाटली डॉक्टरच्या टेबलावर होती. लिटरची. बुधवारी त्यानंच चाकणमधून आणून शेडमध्ये ठेवलेली, सीलबंद. दुकानदार म्हणाला, छोट्या संपल्या, मोठी न्या. आणि स्टोअरच्या माणसाला मोठा माल घेतला की बरंच वाटतं, सारखी फेरी नको. तर त्या बाटलीतली पातळी. नेहमीच्या हिशेबानं सात पंपांत ती खांद्याच्या थोडी खाली यायला हवी होती. ती जवळजवळ पोटापर्यंत उतरली होती. चिमाजीच्या डोळ्यांनी ते गुरुवारीच पाहिलं होतं. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी ऑइलच्या पिंपात चार बोटांची तूट लांबून ओळखली, ते डोळे बाटलीवरून फिरले, थांबले, आणि मग लेबलवरचा पिवळा त्रिकोण वाचत बसले. मागच्या बसनं हॉर्न दिला. पुढची जागा मोकळी झाली होती. तेव्हा हे आज कळलं असं नाही, त्यानं स्कूटर पुढं काढत स्वतःला सांगितलं, आणि हेल्मेटच्या आत त्याला स्वतःच्या श्वासाची वाफ लागली. आज सुनेनं फक्त मोठ्यानं वाचून दाखवलं.

पण गुरुवारपेक्षा शुक्रवार वाईट. शुक्रवारी पोलिसांनाही 'नेहमीचंच' असाच जबाब देऊन तो रानात गेला, उरलेल्या आठव्या पंपाचं काय करायचं बघायला. अंबूबाई बांधावर गवत कापत होती. कमरेवर विळा टेकवून म्हणाली, "पंप पाठीवं घिऊन पडला म्हंत्यात. रातच्याला घेतली आसंल, दुसरं काय. ही भायेरची मानसं." आणि चिमाजी म्हणाला, "हूं." एवढंच. एक अक्षर, तेही नाकातून. त्यानं दारूचं नाव घेतलं नव्हतं. पण गावात मालकाचा 'हूं' म्हणजे शिक्का. संध्याकाळपर्यंत ज्या सात-आठ जणांच्या रानात समाधान फवारायचा त्यातल्या तिघांनी दुसरा माणूस बघितला होता. शनिवारी त्यातल्या एकाचा चिमाजीला फोनही आला: "बरं झालं राव कळलं. माझ्या रानात पडला असता तर पोलिसांचं लचांड." आणि शनिवारीच फ्लॉवरची पहिली तोड झाली. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गड्डा मात्र थांबत नाही, तो फुटतो, पिवळा पडतो, आणि व्यापाऱ्याचा टेम्पो ठरलेल्या दिवशी येतो. दोन दिवसांनी तोडायचं ही गावची रीत होती. रीत दोन टोपणांची होती. पाच टोपणांची नव्हती. पाच? हा आकडा कुठून आला? त्यानं अजून मोजलं नव्हतं.

रानाशी पोचला तेव्हा शेडच्या दगडावर ते पडलेलं होतं, मोठं पांढरं टोपण, आत वाळलेल्या औषधाची पिवळसर कड. मागं भिंतीशी जुन्या छोट्या रिकाम्या बाटल्या ओळीनं उभ्या. रिकामं टाकायचं नाही, ही स्टोअरची सवय. वाफ्यातून बायकांचा बोलण्याचा आवाज येत होता. आधी त्यांना बाहेर काढायला हवं होतं. तो मात्र खाली बसला. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, एका छोट्या बाटलीचं टोपण फिरवून काढलं, मोठ्यात माठातलं पाणी भरलं आणि छोट्यात ओतलं. एकदा भरलं. जमिनीवर उपडं केलं. दुसऱ्यांदा भरलं. मोठ्यात अजून पाणी होतं, निम्म्या छोट्या टोपणाएवढं. अडीच. दोन मोठी म्हणजे पाच. जमिनीवर दोन ओले डाग पडले होते, एक मुंगी काठाकाठानं वळसा घालून गेली. मग तो उठला आणि ओरडला, आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला: "वहिनी! बाहेर या! सगळ्या बाहेर या!"

अंबूबाई गुडघ्याइतक्या पानांतून सरळ झाली. हात उघडे, कोपरापर्यंत पानांचं दंव. "काय वं भावजी, साप हाय का काय?"

"तोडू नका. माल टाकायचा नाही आज."

"आता आर्धी वळ तोडली की. टेम्पो दहाला यील."

"टेम्पोला मी सांगतो. तुम्ही हात धुवा. साबणानं. लुगडं बदला घरी जाऊन, अंघोळ करा." मागच्या दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मालकानं अंघोळ करायला सांगावं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. अंबूबाई हसली नाही. "औषध जास्त झालंय," चिमाजी म्हणाला.

"मंग ह्ये तोडल्यालं काय करू? गुरांम्होरं टाकू?"

"गुरांनाबी न्हाई." किती वर्षांनी त्याच्या तोंडून गावची बोली आपोआप आली. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हाताकडे, मग बांधावर रचलेल्या पांढऱ्या गड्ड्यांकडे. "गुरांनाबी न्हाई," ती म्हणाली. "आन् शनवारी ग्येलं त्ये?" चिमाजी खिशातला फोन चाचपू लागला. "बया, बया. त्या मेल्यानं नशेत वतलं आसंल किती बी." ही जागा होती. इथं बोलायचं होतं. तीन बायका, एक बांध, वर ऊन. यापेक्षा सोपी साक्ष कुठली? आणि तो म्हणाला, "झालंय जास्त. बघू." आणि फोन काढून विहिरीकडे चालू लागला, जिथं त्याच्या घरची ओळ होती, अळीनं खाल्लेली, जाळी जाळी झालेली, निर्धास्त.

नूरमोहम्मद चाकणच्या बाजारात वीस वर्षं भाजीचा व्यापारी. चिमाजीच्या डोक्यातल्या कार्डावर त्याच्या नावापुढं 'गोड बोलतो, वजन खरं' एवढी नोंद. "शेठ! टेम्पो निघालाय, चिंता करू नका," नूरमोहम्मद फोन उचलताच म्हणाला. "टेम्पो पाठवू नको. आज माल नाही." "माल नाही? काल तर म्हणालात चाळीस पिशव्या." "शनिवारचा माल कुठं गेला, नूरभाई?" पलीकडून हसू आलं. "अहो शेठ, भाजीला काय पत्ता असतो? थोडा पिंपरीला, थोडा पुण्याला. चार पिशव्या ताथवड्याच्या मेसवाल्यानं उचलल्या, ती कॉलेजची पोरं, लई खातात. का, कुणी तक्रार केली?" "माल खराब होता." "खराब? शेठ, डोळे तपासून घ्या. शनिवारच्या बाजारात तसा माल नव्हता. पांढरा दुधासारखा, एक अळी दाखवा तर." "तेच सांगतोय," चिमाजी म्हणाला. "औषध अडीचपट पडलं होतं." नूरमोहम्मदचं हसू बंद झालं. मागं हमालांचा आरडाओरडा, कुणीतरी कांद्याचा भाव पुकारत होतं. "एक गड्डा मी घरी नेला होता," तो हळू म्हणाला. "घरवालीनं, अफरीननं, मंचुरियन केलं रविवारी. पोरीनं हट्ट केला म्हणून." "कशी आहे पोरगी?" "ठीक आहे. शाळेत गेली. ठीकच आहे." मग: "काही होत नाही ना, शेठ? धुवून घेतलं होतं." चिमाजीला होईल म्हणता येईना, होत नाही म्हणता येईना. "मेसवाल्याला फोन कर," एवढं म्हणाला. "करतो. पण शेठ, शनिवारचा फ्लॉवर सोमवारी मेसमध्ये उरतो होय?" स्टोअरमधून एकतीस वर्षांत एक वॉशरही सहीशिवाय बाहेर गेला नव्हता. कोण नेतोय, कुठल्या मशीनला, किती वाजता. शनिवारी त्याच्या रानातून अडतीस पिशव्या गेल्या, आणि त्या कुठल्या कुठल्या पोटात उतरल्या याची एकही चिठ्ठी जगात नव्हती. कुणी पडणार नाही, कुणाला फेस येणार नाही; एखाद्याचं डोकं दुखेल, एखाद्याचं पोट, आणि तो म्हणेल पाणी बदललं असेल. आपल्याकडे कुणी येणार नाही. गुरुवारपासून याच एका गोष्टीवर आपण टेकून बसलोय, हे त्याला विहिरीच्या काठावर उभ्या उभ्या कळलं. जो पडला तो एकच होता, आणि त्याच्यावर शिक्का मारून झाला होता.

दोन्ही टोपणं पिशवीत गुंडाळून तो दवाखान्यात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. समाधान उशीला टेकून बसला होता. बरा दिसत होता, म्हणजे वाळलेला दिसत होता. ओठ फुटलेले, नजर अजून नीट ठरत नव्हती, समोरच्या माणसाच्या जरा मागं बघितल्यासारखी. कस्तुरा त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. तिनं चिमाजीला बघून पदर सावरला, स्टूल सोडलं नाही. "कशाला आलाव काका उन्हाचं," समाधान म्हणाला. आवाज घासलेला. "परवा सोडत्याल म्हणत्यात. तुमचा आठवा पंप राह्यला. आलो की मारतो." चिमाजीनं पिशवी उघडून खाटेच्या कडेला ठेवली. पिशवीवर दोन टोपणं, एक लहान, एक मोठं. सांगायचं होतं ते रस्ताभर घोकलेलं होतं. "हे मोठं आहे," तो म्हणाला. "मी छोट्याच्या हिशेबानं सांगितलं होतं. दोन नव्हती, पाच झाली."

समाधाननं मान तिरकी करून नजर लावायचा प्रयत्न केला. मग ओळख पटल्यासारखा हसला. "मोठं व्हतं, मला दिसलं की."

"दिसलं? मग घातलं कशाला?"

"तुम्ही स्टोअरचं माणूस, काका. जनम मोजण्यात गेलाय तुमचा. म्हणलं आळी लई हाय, इचार करूनच सांगितलं असंल. तरी म्हणलं एक डाव इचारावं." तो थांबला, कस्तुरानं पाण्याचा चमचा पुढं केला, तो त्यानं हातानं बाजूला केला. "फोन लावला व्हता की दुसऱ्यांदा. तुमी कापलाव. म्हणलं कामात असताल."

कट्टा. चार निवृत्त माणसं. हातात वाजणारा फोन आणि त्यावरचं नाव, आणि अंगठा, किती सहज गेला तो लाल खुणेवर. दुसरा फोन उचलीचा. चिमाजीला वाटलं आपण स्टूलवर बसावं, पण स्टूलवर कस्तुरा होती. तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा राहिला. समाधानच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. रागाला निदान काही देता येतं. तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आला. चिमाजी त्याच्याकडे वळला, जरा मोठ्यानंच म्हणाला, "साहेब, गुरुवारी मी प्रमाण नेहमीचं सांगितलं. ते नेहमीचं नव्हतं. अडीचपट होतं. माप माझं चुकलं, याचं नाही. लिहा तुम्ही." डॉक्टरनं कागद चाळला, पेन काढलं, थांबला. "काका, आता उपचारात यानं फरक पडत नाही. माणूस सुधारतोय." "उपचारासाठी नाही सांगत." डॉक्टरनं त्याच्याकडे नीट बघितलं. "मी लिहितो. पण पोलिसांनी जबाब घेतलाय तुमचा शुक्रवारी. तो बदलायचा तर चौकीत जावं लागेल तुम्हाला." "जातो." "वकिलाला विचारून जा," डॉक्टर म्हणाला, सल्ला म्हणून, आणि पुढच्या खाटेकडे गेला.

चिमाजीला थोडं हलकं वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याची लाज वाटली. तो टोपणं उचलायला वाकला. कस्तुराचा हात आधी पोचला. तिच्या कार्डावर त्यानं कधी काही लिहिलंच नव्हतं, समाधानची बायको, एवढंच. तिनं मोठं टोपण पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, गाठ मारली, आणि ती गाठ पदराच्या गाठीत बांधली. छोटं तसंच राहू दिलं. "हे माझ्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. एकतीस वर्षांत त्याच्याकडून माल घेताना कुणी सही दिली नाही असं झालं नव्हतं. त्यानं सही मागितली नाही.

"आन् गावात दारू म्हणून झालंय ते?" ती म्हणाली. "तीन जणांनी कामाहून काढलं यांला. मला शनवारी कळलं, यांला सांगितलं न्हाई." समाधाननं मान वळवून बायकोकडे बघितलं. त्याची नजर अजूनही नीट लागत नव्हती, ती तिच्या कानाशी कुठंतरी थांबली. "कंची दारू?" तो म्हणाला. "माळ हाय माझ्या गळ्यात." आणि खरंच त्याचा हात गळ्याशी गेला, तुळशीची माळ चाचपू लागला, ती दवाखान्यात पहिल्याच दिवशी काढून कस्तुराच्या पिशवीत ठेवलेली होती, हात नुसताच गळ्यावरून फिरत राहिला. "मी सांगतो गावात," चिमाजी म्हणाला. "संध्याकाळी जातो, एकेकाला गाठून –"

"आत्ता लावा," कस्तुरा म्हणाली. "माझ्या म्होरं."

त्यानं अंबूबाईला फोन लावला. वाजला, वाजत राहिला, थांबला. "रानातून आली नसेल," तो म्हणाला. "फोन घरी ठेवते ती." चमचा पाण्यात बुडवून कस्तुरानं नवऱ्याच्या ओठाला लावला, आणि डोळे चिमाजीवरून न काढता म्हणाली, "दुसऱ्यांदा लावा."

त्यानं दुसऱ्यांदा लावला. चौथ्या घंटेला उचलला. "हां भावजी. न्हायला बसले व्हते, तुमीच सांगितलं न्हवं," अंबूबाई म्हणाली, आणि मागं बादलीचा आवाज आला. चिमाजीनं फोनचा आवाज मोठा केला आणि फोन खाटेवर, छोट्या टोपणाशेजारी ठेवला. "वहिनी, समाधाननं घेतली नव्हती. तो पीतच नाही. औषध माझ्या सांगण्यानं जास्त पडलं. त्यानं विचारायला फोन केला होता, मी उचलला नाही. हे सगळ्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा." पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज आला. शेजारच्या दोन खाटांवरची माणसंही आता इकडे बघत होती.

"न्हवती घेतली," अंबूबाई म्हणाली. "मंग शुक्रवारी मी म्हनले तवा तुमी 'हूं' का म्हनलाव?"

समाधानचा हात गळ्यावर थांबला. कस्तुरानं चमचा पेल्यात ठेवला. खाटेवरचा फोन उजळलेला होता, त्यावर सेकंद पुढं सरकत होते, आणि तिघंही चिमाजीच्या उत्तराची वाट बघत होती.